एका पडताळणीसाठी पाच आठवडे: भाषाशिक्षक नेमतानाचा माझा अनुभव

जर्मन शिकवणाऱ्या बाई मला जाहिरात दिल्यापासून तिसऱ्या आठवड्यात सापडल्या. त्या वर्गात शिकवायला उभ्या राहिल्या आठव्या आठवड्यात. मधले पाच आठवडे मी एका परीक्षा केंद्राच्या ई-मेलची वाट बघत होते. आज ते आठवलं तरी मला संताप येतो, म्हणून सगळं लिहून काढतेय. छोटा भाषावर्ग चालवणाऱ्या दुसऱ्या कुणाचे तरी हे पाच आठवडे वाचावेत.

माझा व्यवसाय अगदी लहान. दोन खोल्या, संध्याकाळच्या बॅचेस, मी स्वतः फ्रेंच शिकवते. जर्मन आणि जपानीची मागणी वाढली तेव्हा दोन शिक्षक नेमायचं ठरवलं. मोठ्या संस्थेत माणसं नेमायला वेगळा विभाग असतो. इथे जाहिरात लिहिण्यापासून करारावर सही करण्यापर्यंत सगळं मीच करणार होते, तेही माझे तास सांभाळून.

अर्ज भरपूर आले, छाननी झाली. जपानीसाठी एक तरुण शिक्षक मिळाले, त्यांचं सगळं बारा दिवसांत आटोपलं. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एकच गोष्ट सांगते, कारण ती मला उशिरा कळली. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत बोलण्याची किंवा लिहिण्याची परीक्षा नसते. शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं, एवढंच, आणि तेही पर्याय निवडून. त्यामुळे एन२ किंवा एन१, म्हणजे वरच्या दोन पातळ्यांचा दाखला असलेला माणूस वाचनात पक्का असतो, पण तो वर्गासमोर सलग बोलेल याची हमी तो कागद देत नाही. माझ्याकडे आलेले एन२ वाले एक उमेदवार अवघड उतारा सहज वाचत होते, पण साधा प्रश्न जपानीत विचारला की थांबायचे. मी आधी फोनवरच दहा मिनिटं जपानीत बोलायला लावलं असतं, तर त्यांचा आणि माझा एक दिवस वाचला असता. मला जपानी येत नाही, म्हणून यासाठी मी एका जाणकार ओळखीच्या व्यक्तीला फोनवर बसवलं होतं. आपल्याला न येणाऱ्या भाषेसाठी अशी एक व्यक्ती हाताशी हवीच. आणखी एक, कुणी जुना दाखला दाखवला तर वर्ष बघा. २०१० च्या आधी या परीक्षेच्या चारच पातळ्या होत्या. जुनी तिसरी पातळी म्हणजे आजची एन३ नव्हे, ती साधारण आजच्या एन४ जवळ जाते.

आता जर्मनकडे येते.

अर्जांमध्ये सी१ झालेले बरेच होते. भाषा किती येते ते मोजण्यासाठी ‘काउन्सिल ऑफ युरोप’ने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीत ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या आहेत. माणूस त्या भाषेत काय काय करू शकतो, हे त्या सांगतात. शिकवता येतं का, हे त्यांच्यात कुठेच नाही. हे मला ठाऊक असूनही सुरुवातीला मी अर्जांची उतरंड पातळीप्रमाणेच लावली होती. सी२ वर, सी१ खाली. चूक होती ती. दाखला बघून मी ज्यांना सगळ्यात वर ठेवलं होतं, त्यांनी नमुना तासात पंचेचाळीस मिनिटांपैकी चाळीस मिनिटं स्वतःच बोलून काढली. समोरच्या सहा जणांपैकी एकानेही एक पूर्ण वाक्य उच्चारलं नाही.

नमुना तास नेहमी खऱ्या विद्यार्थ्यांसमोर घ्या. स्वतः विद्यार्थी बनून समोर बसू नका. आपल्याला उत्तरं माहीत असतात, आणि शिक्षकाला तेही कळतं. मी माझ्या जुन्या बॅचमधल्या सहा जणांना बोलावलं होतं. आणि त्या तासाचं मानधन द्या. माणूस तयारी करून येतो, ते काम आहे. इंग्रजी शिकवण्यासाठीच्या सेल्टा या केंब्रिजच्या प्रशिक्षणात १२० तासांचा अभ्यासक्रम असतो आणि त्यातले सहा तास उमेदवाराला खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं, मागे परीक्षक बसलेले असतात. मी तीच पद्धत लहान करून घेतली.

सुरुवातीला सांगितलं त्या जर्मनच्या बाईंनी नमुना तासासाठी जो विषय निवडला, तिथेच माझा निर्णय झाला. जर्मनमध्ये ‘मी शहरात राहतो’ म्हणताना ‘इन डेअर श्टाट’ येतं आणि ‘मी शहरात जातो’ म्हणताना ‘इन डी श्टाट’. मराठीत दोन्हीकडे ‘शहरात’च, तोच ‘त’. म्हणून आपली मुलं इथे हमखास अडकतात. बाईंनी नियम आधी सांगितलाच नाही. फळ्यावर दोन चित्रं काढली, एकात माणूस उभा, दुसऱ्यात चालणारा, आणि मुलांना वाक्यं करायला लावली. चार-पाच चुका झाल्यावर एक मुलगी स्वतःच म्हणाली, “म्हणजे हालचाल असली की बदलतं?” बाई फक्त हसल्या आणि तिच्या हातात खडू दिला. मी मागच्या बाकावर बसून हे बघत होते. इतकी वर्षं शिकवतेय, तरी अंगावर काटा आला.

त्याच संध्याकाळी मी त्यांना होकार कळवला. एकच बाब उरली होती. माझ्या नियमानुसार दाखल्याची पडताळणी. पालक आणि विद्यार्थी विश्वासाने पैसे भरतात, तेव्हा हा नियम मी सोडणार नव्हते आणि आजही सोडत नाही. दाखला बराच जुना होता, ज्या केंद्रात परीक्षा दिली होती तिथेच विचारावं लागणार होतं. मी ई-मेल पाठवला. लगेच आपोआप उत्तर आलं की दहा कामकाजाच्या दिवसांत कळवू. बॅच सुरू व्हायला तीन आठवडे होते. म्हटलं, वेळ आहे.

दहाव्या दिवशी उत्तर आलं की उमेदवाराच्या लेखी संमतीशिवाय माहिती देता येणार नाही. हे बरोबरच आहे, कुणाचीही माहिती अशी देऊ नये. पण हे पहिल्याच उत्तरात लिहिलं असतं तर? मी त्याच दुपारी बाईंकडून सही केलेलं संमतीपत्र घेऊन पाठवलं. एक आठवडा गेला. मग कळलं की संमती साध्या पत्रावर चालत नाही, केंद्राच्या स्वतःच्या नमुन्यातच हवी. तो नमुना कुठे मिळतो ते लिहिलेलं नव्हतं. फोन केला, उचलला नाही. दुसऱ्या दिवशी उचलला, तर म्हणे ई-मेल करा. तिसऱ्यांदा ज्या व्यक्तीने उचलला तिने दोन मिनिटांत नमुना पाठवून दिला, तिचे मी मनापासून आभार मानले. नमुना एका पानाचा होता. नाव, जन्मतारीख, परीक्षेची तारीख, सही.

तो भरून पाठवला. पुन्हा आठवडा. या काळात माझी बॅच उघडायची तारीख येऊन गेली होती. अकरा जणांनी नावं नोंदवली होती, सगळ्यांना मी स्वतः फोन करून दोन आठवडे पुढे ढकलल्याचं सांगितलं. चार जणांनी पैसे परत मागितले. मी परत केले. कुणाला दोष द्यावा असं नव्हतं, त्यांचंही वेळापत्रक होतं.

आणि मग उत्तर आलं: या नावाने आमच्याकडे नोंद नाही.

ती ओळ मी कितीदा वाचली असेन. ज्या बाईंचा तास बघून मी भारावले होते, त्यांच्याबद्दल मनात शंका आली. मी त्यांना फोन केला आणि विचारलं, “मॅडम, दाखला मूळच आहे ना?” पलीकडे शांतता. मग त्या म्हणाल्या, “उद्या सकाळी घेऊन येते.” आवाज बदललेला होता, आणि त्या आवाजाला कारण मी होते.

दुसऱ्या दिवशी त्या मूळ दाखला घेऊन आल्या. टेबलावर ठेवला. मी नीट बघितला आणि मला एकदम उमगलं. दाखल्यावर त्यांचं लग्नाआधीचं नाव होतं. अर्जात, संमतीपत्रात, केंद्राच्या नमुन्यात, सगळीकडे मी आताचं नाव लिहिलं होतं. दाखल्याची प्रत माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होती. प्रत मी केंद्राला जोडलीही होती. म्हणजे माझ्याकडून ते निसटलं, आणि केंद्रातही कुणी जोडलेली प्रत उघडून नाव पडताळलं नाही. त्या एका पानाच्या नमुन्यात ‘परीक्षेच्या वेळचं नाव’ अशी एक रेघ असती तर हा प्रसंगच आला नसता. लग्नानंतर नाव बदललेल्या उमेदवार त्या केंद्रात काही पहिल्यांदा आल्या नसतील.

नाव बदलल्याचा पुरावा जोडून पुन्हा पाठवलं. सहा दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं की दाखला आमच्याच केंद्राने दिलेला असून तो खरा आहे. बुधवार होता, दुपारची वेळ. मी खुर्चीत मागे टेकून दोन मिनिटं नुसती बसले. मग बाईंना फोन केला. आधी माफी मागितली, मग बातमी सांगितली. त्या म्हणाल्या, “मला वाटलं होतं तुम्ही दुसरं कुणीतरी बघितलं.” दरम्यान त्यांना दुसरीकडून विचारणा आली होती आणि आठवड्यातले तीन दिवस त्यांनी तिथे दिले होते. माझ्याकडे दोन संध्याकाळी उरल्या. मी दोन घेतल्या.

आता मी काय करते ते सांगते. पहिल्या भेटीतच मूळ दाखला बघते आणि विचारते, “परीक्षेच्या वेळी नाव हेच होतं का?” संमतीचा नमुना त्या त्या केंद्राकडून आधीच मागवून ठेवलाय, तो पहिल्या दिवशी भरून घेते. निवड झाल्यावर नाही, नमुना तासाच्याही आधी. पडताळणी आणि नमुना तास एकाच वेळी चालू राहतात. आणि करारात एक वाक्य घालते की दाखल्याची खातरजमा होईपर्यंत नेमणूक तात्पुरती आहे. हे वाक्य तेव्हा असतं तर बाई ठरल्या दिवशी शिकवायला लागल्या असत्या आणि ते चार विद्यार्थी गेले नसते. याचं मला अजून वाईट वाटतं.

पडताळणीची सोय प्रत्येक परीक्षेची वेगळी असते. काहींची ऑनलाइन असते, केंब्रिजच्या इंग्रजी परीक्षांसाठी संस्थांना निकाल तपासता येतो. मुदतीचंही बघा. फ्रेंचचे डेल्फ आणि डाल्फ हे दाखले आयुष्यभर चालतात. इंग्रजीच्या आयएल्ट्स परीक्षेचा निकाल मात्र साधारण दोन वर्षांपुरताच धरला जातो. पण दहा वर्षांपूर्वीचा डाल्फ असलेला माणूस मधल्या काळात भाषेला शिवलाच नसेल, तर कागद वैध असून उपयोग नाही. म्हणून गेल्या वर्षभरात त्या भाषेत काय वाचलं, कुणाशी बोललात, हे मी विचारतेच.

मातृभाषिकांबद्दलही लोक विचारतात. माझ्याकडे एक जर्मन मातृभाषिक आले होते, बोलणं ऐकत राहावं असं. पण ‘डेअर’ का आणि ‘डी’ का, असं विद्यार्थ्याने विचारल्यावर म्हणाले, तसंच असतं. त्यांना मी संभाषणाच्या तासाला बोलावते, महिन्यातून एकदा. व्याकरणाच्या बॅचला नाही.

मुलाखतीत मी एक प्रश्न सगळ्यांना विचारते: शून्यापासून बी१ पर्यंत न्यायला किती वेळ लागेल? जर्मन शिकवणारी गोएथे इन्स्टिट्यूट ही संस्था यासाठी पंचेचाळीस मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका सांगते. जो उमेदवार मला खूश करायला ‘तीन महिन्यांत करून देतो’ म्हणतो, त्याला मी रोज किती तास धरलेत ते विचारते. संध्याकाळच्या दीड तासाच्या बॅचमध्ये ते बसत नाही, हे त्याने स्वतः मांडून दाखवायला हवं. या बाईंनी कागद घेऊन आकडेमोडच केली होती आणि म्हणाल्या, “जाहिरातीत तीन महिने लिहिणार असाल तर मी नाही शिकवू शकणार.” जाहिरातीचा मजकूर मी त्याच दिवशी बदलला.

पैशांबद्दल राहिलंच. फक्त वर्गातल्या तासाचे पैसे ठरवू नका. वह्या तपासणं, तयारी, परीक्षेच्या आधीचे जादा तास, हे सगळं करारात लिहा. ऐनवेळी बॅच रद्द झाली तर शिक्षकाला काय मिळणार, तेही लिहा. शिक्षकाने तयार केलेल्या चिठ्ठ्या आणि सरावपत्रं कुणाची, हेही. आमच्यात ती बाईंचीच राहतील असं ठरलंय, मला फक्त माझ्या वर्गात वापरायची परवानगी आहे.

बाईंची बॅच आता मंगळवारी आणि गुरुवारी असते. उरलेल्या सात जणांपैकी सहा जण अजून येतात. काल दाराबाहेरून जाताना आतून ‘इन डी श्टाट’ ऐकू आलं, सगळ्यांचं एकदम, आणि एका मुलाने ‘डेअर’ म्हटल्यावर बाकीच्यांनीच त्याला दुरुस्त केलं.