चौथं चाक

माझ्या कपाटात वरच्या खणात एक लाकडी मोटार आहे. मी सहा वर्षांची असताना आजीने सावंतवाडीच्या चितार आळीतून घेऊन दिलेली. पांगाऱ्याचं लाकूड, त्यामुळे हातात घेतली तरी वजन जाणवत नाही. अंग लाल, दरवाजे पिवळे, तीन चाकं काळी. चौथं बिनरंगाचं.

तेव्हा आम्ही लालबागला चाळीत राहायचो. गॅलरीच्या फरशीवरून, सांध्यांवर खडखडत ही मोटार पळवणं हा माझा दुपारचा उद्योग. एकदा ती जिन्यावरून गडगडत खाली गेली आणि चाक फुटलं. मी रडून घर डोक्यावर घेतलं. रात्री बाबांनी आईच्या शिलाई मशीनजवळचं दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ घेतलं, हॅक्सॉच्या पात्याने त्याची चकती कापली आणि पॉलिश पेपरने घासत बसले. मध्येच फुंकर मारून डोळ्याजवळ धरायचे, पुन्हा घासायचे. मी त्यांच्या मांडीला टेकून झोपले. सकाळी मोटार चालत होती. रंग लावायचा राहिला, तो राहिलाच.

1988 साली बाबा आणि धाकट्या काकांनी मिळून जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यातली, दुधी रंगाची. त्याआधी आमच्या गल्लीत खासगी गाडी म्हणजे डॉक्टरांची डुक्कर फियाट, एवढीच. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगलाच, त्यामुळे पुढे सलग सीट, आणि आई-बाबांच्या मध्ये मी! सकाळी चोक ओढून बाबा इंजिनाची कुरबुर ऐकत बसायचे. ते नीट लागेपर्यंत कुणी बोलायचं नाही. दाराची तिकोनी काच फिरवली की वारा थेट तोंडावर. आजच्या एसीत ते सुख नाही, हे मी मनापासून सांगते.

पुढच्या मे महिन्यात तीच गाडी घेऊन गावी निघालो. पहाटे चारला लालबाग सोडलं, वडखळ नाक्यावर वडापाव, पोलादपूर मागे पडलं आणि कशेडी घाट चढताना इंजिनाच्या तापमानाचा काटा लालमध्ये गेला. बाबांनी कडेला घेतलं, बॉनेट उघडलं, पण रेडिएटरला हात लावू दिला नाही. अर्धा तास वाट बघितली. मग ओलं फडकं झाकणावर ठेवून, तोंड बाजूला वळवून त्यांनी झाकण थोडं थोडं सैल केलं. वाफ फुसफुसत गेली आणि त्यांनी डब्यातलं पाणी धार धरून ओतलं, घाई न करता. त्या धारेकडे बघताना मला रिळाची चकती घासणारे बाबा आठवले.

रात्री उशिरा सावंतवाडीत पोचलो. मोती तलावाच्या पाण्यात दिवे हलत होते. आजी ओटीवर जागी होती. कंदील उचलून तिने आधी गाडीवर प्रकाश टाकला आणि विचारलं, "ही गाडी आपली आसा?" बाबांनी नुसती मान हलवली. त्यांना बोलताच येईना.

ती पद्मिनी पुढे विकली. काकांनी कल्याणला घर घेतलं, तेव्हा पैशांची गरज होती. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवला नोंदवली गेली आणि टॅक्सीची 20 वर्षांची मुदत पुरी झाली म्हणून 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. बातमी मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवली, आता त्यांना नीट दिसत नाही. ते काही बोलले नाहीत. डावा हात मात्र मांडीवरून उचलून त्यांनी हवेतच गिअर बदलला.

मी वरच्या खणातली मोटार आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोटाने एकेक चाक चाचपलं, चौथ्याशी थांबले आणि म्हणाले, "हे अजून घासतंय गं. पॉलिश पेपर आहे का घरात?"