हिमेजी किल्ल्याची फसवी वाट

जपानमधल्या हिमेजी स्थानकाच्या उत्तरेकडच्या दारातून बाहेर पडल्यावर समोर सरळ, रुंद रस्ता लागतो आणि त्याच्या टोकाला पांढराशुभ्र किल्ला उभा असतो. सुमारे किलोमीटरभर चालताना तो क्षणभरही नजरेआड होत नाही. माझ्याबरोबर आलेल्या ६८ वर्षांच्या आईला मात्र तो किल्ला वाटेचना. ‘‘हा तर सात चौकी वाडा झाला. गड कुठाय?’’ असे तिने खंदकावरच्या पुलापाशी विचारले. ज्या हिमेयामा टेकडीवर तो बांधला आहे तिची समुद्रसपाटीपासूनची उंची जेमतेम ४५ मीटर असल्यामुळे, रायगडाच्या पायऱ्या चढलेल्या बाईचा हा प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता.

आज दिसणारा किल्ला बहुतांशी इकेदा तेरुमासा या सरदाराचा आहे. १६०० मधील सेकिगाहाराच्या लढाईनंतर, ती जिंकून जपानची सत्ता हाती घेणाऱ्या तोकुगावा इएयासूने आपल्या या जावयाला हिमेजीचा हरिमा प्रांत दिला आणि त्याने १६०१ ते १६०९ या काळात, इएयासूच्या आधीचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने पूर्वी उभारलेला तीन मजली मनोरा उतरवून, नवा मनोरा बांधला. बाहेरून पाच मजली दिसणाऱ्या या मनोऱ्यात आत सहा मजले आणि एक तळघर आहे. म्हणजे नुसते बाहेरून मजले मोजणाऱ्या शत्रूचा हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो.

खरा खेळ आहे तो वाटेचा. हिशी नावाच्या मोठ्या दरवाज्यातून आत गेल्यावर पुढच्या दरवाज्यांना ‘इ’, ‘रो’, ‘हा’, ‘नि’, ‘हो’ अशी जपानी मुळाक्षरांच्या जुन्या क्रमाने नावे दिलेली आहेत. आपल्याकडे ‘क’ दरवाजा, ‘ख’ दरवाजा म्हणावे तसे. ‘हा’ दरवाज्याकडे जाणाऱ्या चढावर मनोरा इतका जवळ दिसतो की आता पोहोचलोच असे वाटते. पण दरवाजा ओलांडताच वाट पूर्ण उलट फिरते आणि मनोरा पाठीमागे जातो. पुढे ‘मिझु’, म्हणजे पाण्याच्या, दरवाज्यांपाशी तर वाट चक्क उतरणीला लागते. मनोऱ्यात शिरायचे असताना आपण खाली उतरतो आहोत हे लक्षात आल्यावर, हातात नकाशा असूनही, मी दोनदा थांबून मागे पाहिले. आपल्याकडे गोमुखी दरवाज्याच्या वळणात हल्लेखोराला कोंडून त्याच्यावर दोन्ही बाजूंनी मारा करीत. येथे तीच युक्ती सबंध टेकडीभर पसरली आहे. भिंतींतील जंग्या, म्हणजे मारा करण्याची भोके, गोल, त्रिकोणी, चौकोनी आणि उभट आयताकृती अशा आकारांच्या आहेत. उभट जंग्या धनुष्यबाणासाठी आणि इतर बंदुकांसाठी होत्या, पण पांढऱ्या भिंतीवर त्या रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या दिसतात, हे मान्यच करावे लागेल.

आई जास्त वेळ रेंगाळली ती एका दगडापाशी. मनोऱ्यांच्या खालच्या दगडी बांधणीत एक लहानसा दगड तारेच्या जाळीने झाकून ठेवलेला आहे. हिदेयोशीच्या बांधकामाला दगड कमी पडू लागले तेव्हा एका गरीब म्हातारीने आपल्या जात्याचा दगड आणून दिला, ही बातमी पसरल्यावर लोकांनी ठिकठिकाणाहून दगड आणून घातले, अशी त्याची दंतकथा सांगतात. आईने तो दगड नीट निरखला आणि ‘‘मग दुसऱ्या दिवशी दळण कुठे दळलं बिचारीने?’’ एवढेच विचारले. दगडांची टंचाई मात्र निव्वळ कथेतली नसावी, कारण याच किल्ल्याच्या बांधकामात जुन्या शवपेट्या आणि दगडी दीपस्तंभांचे तळखडेही वापरलेले दिसतात.

मनोऱ्यात शिरताना बूट काढून पिशवीत घालून हातात धरावे लागतात. लाकडी जमीन शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेली आहे. जिने आपल्या जुन्या घरातल्या माळ्याच्या शिडीइतके उभे आहेत आणि प्रत्येक मजल्यावर ते अधिकच अरुंद होत जातात. भिंतींवर बंदुका आणि भाले टांगण्याच्या खुंट्यांच्या रांगा आहेत, कोपऱ्यांत सैनिकांना दबा धरून बसण्याच्या खोल्या आहेत. राहण्यासारखे मात्र काहीच नाही.

तळघरापासून वरच्या मजल्यापर्यंत जाणारे दोन प्रचंड खांब हा या इमारतीचा कणा आहे. त्यांची उंची २४ मीटरहून अधिक आहे. १९५६ ते १९६४ या काळात सारा मनोरा उतरवून पुन्हा उभारला गेला, तेव्हा पश्चिमेचा खांब कुजलेला आढळला आणि त्याच्या जागी अखंड झाड शोधणे सुरू झाले. निवडलेले झाड आणतानाच मोडले. शेवटी दोन झाडे तिसऱ्या मजल्याजवळ सांधून तो खांब उभा केला गेला. सांध्याच्या जागी हात ठेवून मी काही वेळ उभी राहिले. ‘अस्सल जुने’ कशाला म्हणायचे याचा माझा हट्ट तेथे थोडा सैल झाला.

हा किल्ला टिकला तो निव्वळ मजबुतीने नव्हे. वेढ्याची मोठी लढाई त्याने कधी पाहिलीच नाही. १९४५ च्या जुलैमध्ये हवाई हल्ल्यात भोवतालचे शहर जळून खाक झाले तेव्हा वरच्या मजल्यावर पडलेला आगलावा बॉम्ब फुटला नाही, हे निव्वळ नशीब. भिंतींवरचा चुना मात्र नशिबाने टिकत नाही. चुन्यात समुद्रशैवालाचा डिंक आणि तागासारखे धागे मिसळून केलेला हा गिलावा कौलांच्या सांध्यांवरसुद्धा चढवलेला असल्यामुळे खालून पाहता छपरेही पांढरी भासतात. २०१५ मध्ये मोठी दुरुस्ती संपली तेव्हा ‘शिरासागी-जो’, म्हणजे पांढऱ्या बगळ्याचा किल्ला, या नावावर कोटी करून लोक त्याला ‘शिरोसुगी-जो’, म्हणजे फारच पांढरा किल्ला, म्हणू लागले होते. बुरशीने तो रंग वर्षागणिक काळवंडतो आणि मग पुन्हा परांची बांधाव्या लागतात.

उतरताना आई जिन्यांवरून पाठमोरी, कठडा धरून, एकेक पायरी चाचपत खाली आली. बाहेर ‘ओकिकू’ची विहीर लागली. हरवलेल्या ताटाच्या आळापायी मारली गेलेली दासी रात्री येथे ताटे मोजते, अशी तिची कथा आहे. आईने आत डोकावून पाहिले आणि निमूटपणे पुढे चालू लागली. परतीच्या वाटेवर, खंदकाच्या कडेला, दगडी भिंतीत ‘रु’ नावाचा बुटका दरवाजा आहे. तो इतका आडबाजूला लपवलेला आहे की दाखवल्याखेरीज दिसू नये. आईने वाकून त्याच्या काळोखात पाहिले आणि पहिल्यांदाच ती समाधानाने हसली.

‘‘हं, हा आपला चोर दरवाजा,’’ ती म्हणाली, ‘‘म्हणजे गडच आहे.’’