लोणारच्या काठावरून ग्रहांची वारी

२५ जानेवारी २०२५, शनिवार. अमावस्या चार दिवसांवर आली होती, म्हणजे चंद्र पहाटेपर्यंत उगवणार नव्हता. संध्याकाळच्या आकाशात शुक्र, शनी, गुरू आणि मंगळ एकाच वेळी दिसत होते. मी, माझी बहीण आणि अकरा वर्षांची भाची असे तिघं लोणारला निघालो. अंधारासाठी जवळच्या जागाही होत्या, पण ग्रह बघायचे तर जिथे सूर्यमालेतला एक दगड खरोखर येऊन आदळला तिथूनच बघावेत, हे माझ्या मनात फार दिवस होतं.

जालन्यापर्यंत रेल्वे, पुढे गाडीने सिंदखेडराजामार्गे साधारण दोन तास. एसटीने येणाऱ्यांना मेहकरहून सोयीचं पडतं. दुपारीच पोहोचा आणि विवर उजेडात बघून घ्या. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा काळ्या बसाल्टमध्ये आहे. तळाचं पाणी खारं, पण काठावरच्या धारेचं पाणी गोडं. आत अभयारण्य आहे, तेव्हा सूर्य कलायच्या आत वर या. अंधारात विवरात उतरायचा विचारही करू नका.

रात्रीसाठी गावाच्या दिव्यांपासून दूर, एका ओळखीच्या शेतकरीकाकांचं शेत ठरवलं होतं. परवानगी आधीच घेतलेली बरी, आणि पडवीतला दिवा बंद ठेवाल का, हेही तेव्हाच विचारावं.

मोबाईलवर स्टेलेरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं ॲप होतं. ते घरूनच उतरवून ठेवा, शेतात रेंजचा भरवसा नाही. स्क्रीन लाल करणारी रात्रीची सोय सुरू करा आणि उजेड अगदी कमी ठेवा. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या स्क्रीनकडे एकदा पाहिलं की ती सगळी वाया जातात. आमची तशी एकदा गेली, बहिणीला फोन आला तेव्हा. विमान मोड लावा. पॉवर बँकही घ्या, कारण कंपास आणि स्क्रीन सतत चालू राहिल्याने बॅटरी भराभर उतरते.

पावणेसातला पश्चिमेकडे शुक्र लखलखत होता. मी फोन उचलला, तर ॲप शुक्राला भलतीकडेच, बाभळीच्या मागे दाखवत होतं. काका शेजारीच उभे होते. म्हणाले, "ती काय, शुक्राची चांदणी. मोबाईल कशाला पाहिजे?" खरंच होतं. घोटाळा फोनच्या कव्हरमध्ये होता. त्याच्या झाकणाला चुंबक होतं आणि त्याने कंपास फिरवला होता. कव्हर काढलं, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवला आणि शुक्र जागेवर आला. गाडीच्या बॉनेटजवळही असंच होतं. म्हणून ॲप उघडलं की आधी आपल्याला नक्की ओळखू येणारा एखादा तारा किंवा ग्रह त्याच्याशी ताडून बघा. तो जुळला तरच पुढच्यावर विश्वास ठेवा.

शुक्राच्या खाली शनी होता, मंद आणि पिवळट. त्याची कडी तेव्हा जवळजवळ आडवी झाली होती, ॲपमध्ये मोठं करून पाहिलं तर फक्त एक रेघ. दुर्बिणीशिवाय त्याहून जास्त मिळणार नव्हतं. शनी लवकर मावळणार होता, म्हणून तो आधी उरकला.

खरा मुक्काम गुरूपाशी पडला. रोहिणीच्या थोडा उत्तरेला, जवळपास डोक्यावर. भाचीला मी सांगितलं, आधी ॲप नाही, आधी द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर. आमच्याकडे १०x५० ची होती. ती नुसती हातात धरली तर चित्र थरथरतं, म्हणून सतरंजीवर उताणं पडून कोपर छातीशी टेकवायचे. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, बाजूला बारीक ठिपके आहेत, एका रेषेत." तिने वहीत ते काढले आणि मगच ॲपमध्ये गुरू मोठा केला. आयो, युरोपा, गॅनिमिड, कॅलिस्टो, प्रत्येक ठिपक्याला नाव मिळालं. गॅलिलिओने गुरूचे हे चंद्र ७ जानेवारी १६१० ला पाहिले तेव्हा त्याला पहिल्या रात्री तीनच दिसले होते. ॲपमधली वेळ तासातासाने पुढे सरकवली की हे चंद्र इकडून तिकडे जाताना दिसतात. मुलांबरोबर जाणार असाल तर हे नक्की करा. गुरूचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला त्या रात्री ३७ मिनिटं लागत होती. तिने घड्याळ पाहिलं आणि आपण जेवत होतो तेव्हाचा गुरू हा, असा हिशोब केला.

मंगळ पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांच्या रांगेत, तांबडा. तो शोधावा लागला नाही.

युरेनस मात्र शोधावा लागला आणि ॲपचा खरा उपयोग तिथेच झाला. कृत्तिकांपासून एकेक तारा धरत, स्क्रीनवर पाहून मग द्विनेत्रीतून, अशी तासभर झटापट झाली. शेवटी हाती आला तो साध्या ताऱ्यासारखा ठिपका. तरी १७८१ पर्यंत माणसाला ठाऊक नसलेला ग्रह आपल्या डोळ्यांनी पाहतोय, या विचाराने मी बराच वेळ तिथून हललो नाही.

तुम्ही जाल तेव्हा ही मांडणी नसेल, गुरू दरवर्षी साधारण एक रास पुढे जातो. तारीख ठरवण्याआधी ॲपमध्ये त्या रात्रीचं आकाश बघा, चंद्र कधी उगवतो ते बघा आणि मगच तिकिटं काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आकाश सहसा निरभ्र असतं. कानटोपी, दोन सतरंज्या, थर्मासभर चहा न्या.

पहाटे चारनंतर पूर्वेला चंद्राची कोर वर आली. भाचीला उठवलं. कोरीच्या कडेला एक काळसर डाग दिसत होता. ॲपने नाव दिलं ग्रिमाल्डी, चंद्रावरचं एक विवर, सुमारे १७० किलोमीटर रुंद. तिने द्विनेत्री खाली घेतली, विवराच्या दिशेच्या काळोखाकडे वळून पाहिलं आणि विचारलं, "मग आपलं लोणार तिथून दिसलं असतं का?"