मात्सुमोतो ते इतोइगावा : जपानी रस्त्यांवर स्टिअरिंग हाती घेताना

जपानला जाणारे बहुतेक भारतीय प्रवासी तिथे गाडी चालवण्याच्या भानगडीत पडत नाहीत आणि त्यात नवल काहीच नाही, कारण शहरांपुरते पाहिले तर रेल्वेने पोहोचता येणार नाही अशी जागा शोधावी लागते. आम्हाला मात्र नागानो प्रांतातल्या मात्सुमोतोहून उत्तरेकडे, डोंगरांच्या कडेकडेने, थेट जपानच्या समुद्रावरील इतोइगावापर्यंत जायचे होते. या खोऱ्यातून ओइतो मार्गाची छोटी गाडी धावते, पण वरच्या भागात तिच्या फेऱ्या मोजक्याच आहेत. शिवाय भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असल्यामुळे जपानमध्ये चालतो, आणि तिथेही वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूनेच जातात. तेव्हा आरटीओत फी भरून परवाना काढला आणि मात्सुमोतो स्थानकाजवळ भाड्याची गाडी ताब्यात घेतली.

गाडी होती पिवळ्या नंबरप्लेटची, ‘केई’ वर्गातली. या वर्गाच्या मर्यादा कायद्याने आखून दिलेल्या आहेत : इंजिन ६६० सीसीपर्यंत, लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर आणि उंची २ मीटरच्या आत. आकडे वाचून खेळणे वाटावे, पण आत बसल्यावर डोक्यावर भरपूर जागा उरते आणि सामानही मावते. मराठी घरांना हा वर्ग परका नाही. १९८३ साली आपल्याकडे आलेली मारुती ८०० याच कुळातल्या सुझुकी आल्टोवरून बेतलेली होती, फक्त तिला ७९६ सीसीचे इंजिन बसवले होते. आपण पुढे ऐपतीप्रमाणे लांबरुंद गाड्यांकडे वळलो. जपानी गावांत मात्र शेतकऱ्याच्या मालवाहू गाडीपासून आजीबाईंच्या बाजारहाटीच्या गाडीपर्यंत सगळीकडे केईच दिसते, कारण तिच्यावरचा कर बराच कमी आहे आणि गावातल्या गल्ल्याही तेवढ्याच रुंदीच्या आहेत.

आणखी एक कारण आहे आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जपानमध्ये साधी गाडी नावावर करून घ्यायची तर घरापासून दोन किलोमीटरच्या आत ती उभी करायला हक्काची जागा असल्याचा दाखला पोलीस ठाण्यातून आणावा लागतो. हा कायदा १९६२ चा. केई गाडीला खेड्यांत या दाखल्यातून सूट असते. मात्सुमोतोच्या वस्तीतून रात्री फिरताना रस्त्याच्या कडेला एकही गाडी उभी नव्हती, आणि तेरा-चौदा फुटांची गल्लीही मोकळी, चालण्याजोगी वाटत होती. पुण्यात आमच्या सोसायटीबाहेर दोन्ही कडांना लागलेल्या गाड्यांतून वाट काढताना जो वैताग येतो, त्याचा वाहनचालकांच्या संस्कारांशी संबंध किती आणि अशा एका दाखल्याशी किती, हा प्रश्न तिथे पडल्याशिवाय राहत नाही.

शहर मागे पडले की रस्ता क्रमांक १४७ आझुमिनोच्या सपाट भातशेतीतून जातो. डाव्या हाताला हिदा पर्वताची भिंत सतत सोबत असते आणि रेल्वेचे रूळ रस्त्याशी लपंडाव खेळत राहतात. त्यामुळे फाटके वारंवार लागतात. पहिल्याच फाटकाशी पुढचा ट्रक थांबला. फाटक उघडे, घंटा बंद, दिवे विझलेले, दोन्ही बाजूंचे रूळ दूरवर रिकामे दिसत होते. तरीही तो पांढऱ्या रेषेवर चाके पूर्ण थांबेपर्यंत थांबला, रुळांपलीकडे आपला ट्रक मावेल एवढी जागा मोकळी झाल्याचे पाहिले आणि मगच पुढे गेला. मग आमची पाळी आली. आम्हीही थांबलो आणि आमच्या मागची गाडीही थांबली. तिथे चौकातल्यासारखा वाहतुकीचा सिग्नल नसलेल्या प्रत्येक फाटकापाशी थांबणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तर काच खाली करून आगगाडीचा आवाज ऐकायलाही शिकवतात. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या १३१ व्या कलमातही पहारा नसलेल्या फाटकाशी थांबून, कुणीतरी उतरून दोन्ही बाजू पाहून यावे असे लिहिलेले आहे. कलम वाचलेला चालक मला अजून भेटलेला नाही.

हॉर्नच्या बाबतीतही जपानी कायदा स्पष्ट आहे : जिथे हॉर्न वाजवण्याची पाटी आहे तिथे, किंवा अपघात टाळण्यासाठीच तो वाजवायचा, एरवी वाजवणे हाच गुन्हा. डोंगरातल्या आंधळ्या वळणांवर अशा निळ्या पाट्या दिसतात. आपल्याकडे ट्रकच्या मागे रंगवलेले ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये बंद केले, पण पाटी पुसली म्हणून सवय पुसली जात नाही. अधिक गोंधळ उडतो तो दिव्यांच्या भाषेत. समोरच्याने हेडलाइट लुकलुकवला तर आपल्या घाटात त्याचा अर्थ ‘मी येतोय, तू थांब’ असा होतो. जपानमध्ये नेमका उलट, ‘तुम्ही आधी जा’. वाट मिळालेली गाडी पुढे गेल्यावर मागचे दोन्ही इंडिकेटर दोन-तीनदा पेटवून आभार मानते. हे कोणत्याही कायद्यात नाही. चालकांनीच रूढ केलेले आहे. पहिल्या दिवशी मला वाटले, पुढच्या गाडीत काही बिघाड झाला.

आता या सगळ्यावरून ‘जपानी माणूस मुळातच शिस्तीचा’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि आपली प्रवासवर्णने बहुधा तिथेच विसावतात. आझुमिनोत एका शाळेजवळ सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर आम्ही थांबलो. पिवळ्या टोप्या घातलेली मुले हात वर करून रस्ता ओलांडून गेली, पलीकडच्या पदपथावर पोहोचली, मागे वळली आणि थांबलेल्या गाड्यांना कमरेतून वाकून नमस्कार करून मगच पुढे चालू लागली. हे पाहिल्यावर कोण भारावणार नाही? पण जपान ऑटोमोबाइल फेडरेशन दरवर्षी अशा क्रॉसिंगवर पाहणी करते आणि तिचे आकडे वेगळी गोष्ट सांगतात. २०१८ मध्ये पादचारी उभा असताना थांबणाऱ्या गाड्यांचे देशभरातले प्रमाण होते ८.६ टक्के. शंभरातल्या नव्वदांहून अधिक गाड्या, तिथे थांबणे बंधनकारक असूनही, सरळ निघून जात होत्या. नागानो तेव्हाही ५८.६ टक्क्यांसह सर्वांत पुढे होता. आकडे जाहीर होऊ लागले, प्रांताप्रांतांत लाजेची चढाओढ लागली, पोलिसांनीही कारवाई वाढवली आणि २०२३ पर्यंत देशाचे प्रमाण ४५.१ टक्क्यांवर, तर नागानोचे ८४.४ टक्क्यांवर गेले. पाच वर्षांत कुणाचे रक्त बदलत नाही.

आणि हाच सज्जन नागानो प्रांत आणखी एका गोष्टीसाठी जपानभर बदनाम आहे. मात्सुमोतोच्या चौकात सिग्नल हिरवा होताच उजवीकडे वळणारी गाडी समोरून सरळ येणाऱ्यांना न जुमानता झपकन वळून जाते. नियमाने सरळ जाणाऱ्याचा हक्क आधी. या सवयीला ‘मात्सुमोतो-बाशिरी’, म्हणजे मात्सुमोतो पद्धतीची ड्रायव्हिंग, असे नावच पडले आहे आणि ती सुटावी म्हणून तिथे मोहिमाही चालतात. कारण सांगतात ते असे की हे किल्ल्याभोवती वाढलेले जुने शहर, रस्ते अरुंद, उजवीकडे वळणाऱ्यांसाठी वेगळी मार्गिका पुष्कळ ठिकाणी नाही. आत्ता वळलो नाही तर अख्खा सिग्नल जाणार आणि मागची रांगही अडकणार. लक्ष्मी रस्ता ओळखणाऱ्या माणसाला ही कारणमीमांसा समजावून सांगावी लागत नाही. खरे सांगायचे तर त्या चौकात मला प्रथमच जरा घरच्यासारखे वाटले.

जपानी रस्ते पूर्वीपासून सुरक्षित होते, असेही नाही. १९७० साली तिथे १६,७६५ माणसे रस्त्यांवर मेली आणि त्या काळाला वर्तमानपत्रे ‘वाहतूक युद्ध’ म्हणत. २०२३ मध्ये ही संख्या २,६७८ होती. भारतात २०२२ या एका वर्षात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. लोकसंख्येचा फरक धरूनही ही तुलना आपल्याला कुठे बसवते, ते दिसतेच आहे.

ओमाचीपासून रस्ता क्रमांक १४८ सुरू होतो. किझाकी आणि आओकी तळ्यांच्या काठाने हाकुबा गाठले की हिमाचा प्रदेश लागतो आणि रस्त्याचे सामानही बदलते. सिग्नलचे दिवे जपानात इतरत्र असतात तसे आडवे नसून उभे, म्हणजे त्यांच्यावर बर्फाचा थर कमी साचावा. हाकुबाच्या पुढे ओतारी, आणि तिथून हिमे नदीच्या घळीतून बोगदे आणि रस्त्यावर बर्फ येऊ नये म्हणून उभारलेल्या छपरांची रांग. वाटेत ‘मिची-नो-एकी’, म्हणजे सरकारमान्य रस्ता-थांबे. १९९३ मध्ये सुरू झालेली ही योजना आता हजाराच्या वर ठिकाणी पोहोचली आहे. चोवीस तास उघडी स्वच्छतागृहे, गावच्या शेतकऱ्याचे नाव चिकटवलेली भाजी, आणि ओतारीच्या थांब्यावर तर चक्क गरम पाण्याचे स्नानगृह. मुंबई-गोवा महामार्गावर कुटुंबासह, विशेषतः बायकांना घेऊन, प्रवास केलेल्यांना यातले पहिले सुख सर्वांत मोठे वाटेल.

इतोइगावात संध्याकाळी जेवायला गेलो तेव्हा खानावळीबाहेर एक छोटी गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून दोघे उतरले. आतून निघालेल्या, साके (तांदळाची दारू) घेतलेल्या गिऱ्हाइकाची किल्ली एकाने घेतली, गिऱ्हाईक स्वतःच्याच गाडीत मागे बसले आणि दुसरा रिकामी गाडी घेऊन त्यांच्या मागोमाग निघाला. ‘दाइको’ नावाचा हा रीतसर धंदा आहे आणि गिऱ्हाइकाची गाडी चालवणाऱ्याला टॅक्सीचालकाचाच परवाना लागतो. २००६ मध्ये फुकुओका इथे मद्यधुंद चालकाच्या धडकेने तीन लहान भावंडे मेली; त्यानंतर कायदा इतका कडक झाला की प्यायलेल्या चालकाबरोबरच त्याला दारू देणारा आणि त्याच्या शेजारी बसणारा असे सगळेच शिक्षेस पात्र ठरतात. म्हणूनच वाढणाऱ्या बाईंनी आमच्यापुढे यादी ठेवण्याआधी गाडी कोण चालवणार ते विचारले, आणि मी हात वर केल्यावर माझ्यापुढचा पेला उचलून तिथे चहा आणून ठेवला.