डावं मूत्रपिंड

मंगळवार, रात्री

डोंबिवलीचे काका काल, गाठींवरचं किरणोत्सर्गी औषध दिल्यानंतरच्या सातव्या दिवसाच्या स्कॅनला आलेच नाहीत. अंगात किरणोत्सर्ग असतो, गर्दी टाळायची म्हणून लोकल नको असं आम्हीच सांगितलेलं, आणि पुतण्याची गाडी हिंदमाताच्या पाण्यात अडकून माघारी गेली. लोकल मात्र काल व्यवस्थित चालू होत्या! आज आले ते फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. "मॅडम, एक दिवस हुकला. वाया गेलं का सगळं?" म्हटलं, उशीर चालतो, वेळ तेवढी नेमकी लिहायची. आलेखावरचा ठिपका जरा पुढे सरकतो, इतकंच.

काका बेस्टमधले निवृत्त कंडक्टर. ल्युटेशियम-१७७ चा, म्हणजे या किरणोत्सर्गी औषधाचा डोस बहुतेकांना सारखाच देतात, किरणोत्सर्गाच्या मापात ७.४ गिगाबेकरेल, जुन्या मापात २०० मिलिक्युरी. पण गाठीत किती बसलं आणि मूत्रपिंडात किती रेंगाळलं, ते माणसागणिक वेगळं. बीटा कण दोनेक मिलिमीटरच्या आतच थांबतात. सोबतचे गॅमा किरण बाहेर येतात, ते स्पेक्ट-सीटीवर मोजायचे; स्पेक्ट गॅमा टिपतो, सीटी अवयवांच्या कडा दाखवतो. तीन दिवसांचे तीन ठिपके, त्यांतून रेघ, रेघेखालचं क्षेत्रफळ, मग ग्रे, म्हणजे अवयवाने किती किरण शोषले त्याचं माप. काका म्हणाले, "म्हणजे तिकिटं किती फाडली ते ठाऊक आहे, कोण कुठे उतरलं ते तुम्ही बघता." इतकं सोपं करून मला कधी सांगता आलेलं नाही.

संध्याकाळी हिशेब केला. उजवं मूत्रपिंड ३.१ ग्रे, डावं ४.४. एवढा फरक? तासभर डोकं खाजवलं. एकेक स्लाईस सरकवत वर गेले तेव्हा कळलं, चूक माझीच. प्लीहा, म्हणजे पाणथरी, डाव्या मूत्रपिंडाला खेटून असते आणि हे औषध भरपूर ओढते. सीटी काही सेकंदांत उरकतो, स्पेक्टला बराच वेळ लागतो, तोवर माणूस श्वास घेतच असतो. दोन्ही चित्रं वरच्या टोकाला जुळत नव्हती. सीटीवर आखलेल्या कडेत प्लीहेचा उजेड घुसला होता. पुन्हा आखलं. ३.३.

सगळे डोस मिळून मूत्रपिंडाची २३ ग्रेची मर्यादा आपण बाहेरून दिल्या जाणाऱ्या रेडिएशनकडून उसनी घेतलेली. तिथे मारा काही मिनिटांचा, इथे दिवसेंदिवस. तरी धरतो तीच. ठरलेल्या चारही डोसांत माझी अशीच चूक झाली असती तर दर डोसाला १.१ प्रमाणे एकूण ४.४ ग्रे फुकटचे त्यांच्या खात्यावर चढले असते, आणि पुढे जादा डोसाचा विषय निघाला असता तर तेच आडवे आले असते.

पुढचा डोस आठ आठवड्यांनी. तारीख बघून काका म्हणाले, "ऐन गणपतीत येतोय. घरात पोरंबाळं असतात, मला कोपऱ्यात बसवतील. जरा पुढे ढकला ना." उद्या डॉक्टरांना विचारायचं आहे.