पेशी वाचल्या, की पेरॉक्साइडच संपलं?

हायड्रोजन पेरॉक्साइडनं चेतापेशी मारायच्या आणि वनस्पतीच्या अर्कानं वाचवायच्या, हा प्रयोग एमएस्सीच्या प्रकल्पाला बरेच जण घेतात. एमटीटीचा (जिवंत पेशी ज्याला जांभळं करतात ते पिवळं रंगद्रव्य) जांभळा रंग गडद आला की अर्क गुणाचा, असं लिहून मोकळं होऊ नका.

ब्राह्मीचा अर्क घेणार असाल, तर आधी झाड ओळखा. आपल्याकडं ब्राह्मी म्हणून दोन वनस्पती खपतात. गोल, काठाला दातेरी, लांब देठावर एकटं उभं पान ती मंडूकपर्णी. बारीक, मांसल, बिनदेठाची पानं जोडीनं समोरासमोर असतील तर निरब्राह्मी. बॅकोसाइड नावाची गुणकारी संयुगं दुसरीत असतात, पहिलीत एशियाटिकोसाइड. वाळवण्याआधीच फुलासकट नमुना शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवून घ्या. भुकटी झाल्यावर कुणाला काय ओळखू येणार?

पेरॉक्साइडची बाटली जुनी झाली की ताकद उतरते. ३० टक्के द्रावण साधारण ९.८ मोलर असतं. त्यातलं १० मायक्रोलिटर पाण्यात मिसळून ९.८ मिलिलिटर करा आणि क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्ये (मोजमापाच्या छोट्या चौकोनी नळीत) २४० नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण मोजा. १० मिलिमोलरला ०.४३६ यायला हवं. ०.३०५ आलं तर हातात सातच मिलिमोलर आहे.

खरी फसगत माध्यमात होते. डीएमईएममध्ये (पेशी वाढवायच्या पोषक द्रावणात) सोडियम पायरुवेट असेल तर ते पेरॉक्साइड स्वतःच खाऊन टाकतं, म्हणून पायरुवेट नसलेलंच घ्या. अर्क आणि पेरॉक्साइड एकत्र घातलं तर अर्कही तेच करतो, पेशीच्या बाहेरच. त्याला पेशीचं संरक्षण कसं म्हणायचं? अर्क २४ तास ठेवा, पीबीएसनं (फॉस्फेटच्या खारट बफरनं) दोनदा धुवा, मगच पेरॉक्साइड द्या. एनआरएफ-२ हे संरक्षक जनुकं चालू करणारं प्रथिन जागं होऊन हीम ऑक्सिजनेज-१ सारखी संरक्षक एन्झाइम तयार व्हायला पेशीला तास लागतात, मिनिटं नव्हे. पेरॉक्साइडचा डोस १०० ते ४०० मायक्रोमोलरमध्ये चाचपून, निम्म्या पेशी मरतील तो धरा.

उलटंही घडतं. अर्कातली गॅलिक आम्लासारखी पॉलिफेनॉल माध्यमात आपोआप ऑक्सिडाइज होऊन उलट पेरॉक्साइडच तयार करतात. मग अर्क विषारी वाटतो.

आणि एक रांग बिनपेशीची ठेवाच: फक्त माध्यम, अर्क, एमटीटी. तिथंही जांभळं झालं, तर एमटीटी अर्कानंच क्षपित (रिड्यूस) केलंय, पेशींनी नव्हे. अशा वेळी एमटीटी घालण्याआधीही पेशी धुवा, आणि मेलेल्या पेशींनाच रंगवणारा ट्रिपॅन ब्लू घालून जिवंत पेशी मोजून पडताळा.