शॅमेलिऑनने खाणं सोडलंय? आधी ऊब, मग पाणी, घास सगळ्यात शेवटी

रानातला घोयरा, म्हणजे आपल्याकडचा शॅमेलिऑन, ज्यांनी पाहिलाय, त्यांना त्याची डुलत डुलत पाऊल टाकायची लकब आठवत असेल. परदेशात लोक घरात पाळतात ते त्याचे चुलतभाऊ: येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य टोकाचा व्हेल्ड शॅमेलिऑन, नाहीतर मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन. बहुतेक पिंजऱ्यातच जन्मलेले. प्राणी देखणा आहे, पण नाजूक आहे, आणि आजारी पडला की शेवटपर्यंत लपवतो. फांदीवर आजारी दिसणारा सरडा शिकाऱ्याच्या नजरेत पहिला भरतो, म्हणून त्याची ही सवय. त्यामुळे माणसाच्या लक्षात येणारी पहिली गोष्ट बहुधा एकच असते: तो खात नाही.

अशा वेळी आपला हात आपोआप घासाकडे जातो. दोन घास पोटात गेले की तरतरी येईल, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे. इथे मात्र तीच माया जीव घेते. शॅमेलिऑनचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं. अंग गार असताना पोटात गेलेला किडा पचत नाही, आत कुजतो. अंगात पाणी कमी असेल तर त्याहून वाईट. प्रथिनं पचली की युरिक आम्ल तयार होतं, ते मूत्रपिंडाने बाहेर टाकायचं असतं, आणि कोरड्या पडलेल्या मूत्रपिंडाला ते जमत नाही. मग तेच आम्ल सांध्यांत साठून गाऊट होतो. म्हणून क्रम पाठ करून ठेवा: ऊब, पाणी, मग अन्न. तिन्हीच्या आधी एक प्रश्न: हा खरंच आजारी आहे का?

नवीन घरी आणलेला शॅमेलिऑन आठवडाभर नीट खात नाही, कात टाकताना दिवस-दोन दिवस तोंड फिरवतो. पूर्ण वाढलेल्या नराला रोज डझनभर रातकिडे घालत असाल, तर त्याने नको म्हणणं हे शहाणपणच आहे. प्रौढाला एक दिवसाआड तीन ते पाच किडे पुरतात. महिनोन् महिने फक्त रातकिडेच खाऊन तो कंटाळतोही. किडा बदलून पाहा: रेशमाची अळी, टोळ, डुबिया झुरळ, ब्लॅक सोल्जर माशीची अळी, किंवा त्या अळीतून निघालेली माशीच. उडणारी माशी पाहून आठवडाभर रुसलेला शॅमेलिऑन डोळे वळवतो. अंगात पाणी आणि वजन टिकून असेल तर प्रौढ शॅमेलिऑन आठवडा-दीड आठवडा न खाता निभावतो. पिल्लाला ही मुभा नाही. चार महिन्यांखालच्या पिल्लाने दोन दिवस काही खाल्लं नाही तर डॉक्टरला फोन करा.

खरं-खोटं ठरवायला दोन जागा बघायच्या, डोळे आणि विष्ठा. निरोगी शॅमेलिऑनचा डोळा भरीव बुरुजासारखा पुढे आलेला असतो आणि दिवसभर स्वस्थ बसत नाही, एक पुढे तर एक मागे. पाणी कमी पडलं की तो बुरूज खचतो, डोळ्याभोवती खळगा दिसतो. दिवसा डोळे मिटून बसलेला शॅमेलिऑन मात्र झोपलेला नसतो, आजारी असतो. याला अपवाद मी धरत नाही. विष्ठेत दोन भाग असतात, गडद तपकिरी गोळी आणि तिच्याबरोबर युरेटचा, म्हणजे घट्ट झालेल्या युरिक आम्लाचा, खडूसारखा तुकडा. युरेट पांढरा असेल तर पाणी पुरेसं आहे. थोडा पिवळसर चालतो, पण पूर्ण नारिंगी आणि वाळूसारखा कोरडा झाला, तर बरेच दिवस पाणी कमी पडतंय.

तिसरं साधन म्हणजे एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा. प्राण्याला हातात धरून काट्यावर ठेवायची झटापट नको. एक आडवी काठी बसवलेला हलका डबा काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, आणि त्याला स्वतःहून काठीवर चढू द्या. प्रौढ असेल तर आठवड्यातून एकदा, खात नसेल तर दर दोन दिवसांनी, शक्यतो सकाळी. आकडा तारखेसह लिहून ठेवा. वजन दहा टक्के उतरलं, म्हणजे 150 ग्रॅमचा 135 वर आला, की घरगुती उपाय थांबवायचे.

आता ऊब. दिव्याखाली उन्हं घेण्याच्या फांदीवर प्रौढ नराला 29 ते 32 अंश सेल्सिअस, मादीला 27च्या आसपास. बाकी पिंजऱ्यात 22 ते 26. रात्री सगळे दिवे बंद आणि तापमान 18 पर्यंत उतरलेलं चालतं, नव्हे, चांगलंच. चूक बहुधा मोजण्यात होते. पिंजऱ्याच्या भिंतीला चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर काहीही सांगतो. डिजिटल थर्मामीटरची तार फांदीवर नाही, प्राण्याची पाठ जिथे येते तिथे टांगा. पाठ फांदीपासून पाच-सहा सेंटिमीटर वर, दिव्याच्या तेवढीच जवळ असते. फांदीवर 30 दिसतात, पण डोक्याचा तुरा आणि पाठीचा कणा भाजून निघतो. तोंड उघडून, फिका पडून दिव्यापासून दूर पळत असेल तर उष्णता जास्त आहे. काळपट होऊन दिवसभर दिव्याखालीच चिकटलेला असेल तर कमी.

ऊब देणारा दिवा वेगळा आणि यूव्हीबी, म्हणजे उन्हातले एका प्रकारचे अतिनील किरण, देणारी ट्यूब वेगळी. यूव्हीबीशिवाय शरीरात ड३ जीवनसत्त्व तयार होत नाही, ड३ नाही तर अन्नातलं कॅल्शियम शोषलं जात नाही, आणि कॅल्शियम नाही तर स्नायू चालत नाहीत. त्या स्नायूंत जीभही आली. म्हणून ‘खात नाही’ असं वाटणारा प्राणी पुष्कळदा ‘खाऊ शकत नाही’ असा असतो. पिंजऱ्याच्या पूर्ण रुंदीची, सहा टक्के यूव्हीबीची टी-5 (बारीक, सरळ) ट्यूब जाळीवर ठेवायची, आणि फांदीवर बसलेल्या प्राण्याच्या पाठीपासून ती 20 ते 25 सेंटिमीटर वर यायला हवी. गोल पिळाचा छोटा बल्ब एवढ्या मोठ्या पिंजऱ्याला पुरत नाही. ट्यूब उजेड देत राहते, पण तिची यूव्हीबी विरत जाते, म्हणून वर्षातून एकदा बदला आणि बदलल्याची तारीख ट्यूबवरच लिहा. खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा इथे उपयोग नाही, काच यूव्हीबी अडवते. थंड देशांत नवख्यांची फसगत इथेच होते. ऊन छान येतंय म्हणून पिंजरा खिडकीशी नेतात, आणि हाडं आतल्या आत मऊ होत जातात.

पाण्याचं दुखणं परदेशात हिवाळ्यातच वाढतं. घर गरम ठेवणारी यंत्रणा सुरू झाली की खोलीतली हवा कोरडी पडते. हायग्रोमीटरवर आर्द्रता 25-30 टक्क्यांवर आलेली दिसते, तर या प्राण्याला दिवसा 50 आणि रात्री 80च्या वर हवी असते. चारही बाजूंनी जाळी असलेला पिंजरा असेल तर तीन बाजूंना पारदर्शक प्लास्टिक लावा, पुढची बाजू आणि छत उघडं ठेवा. शॅमेलिऑन वाटीतलं पाणी पीत नाही. पानावरचा थेंब चमकला की चाटतो. दिवे लागण्याआधी आणि दिवे मालवल्यावर दोन-दोन मिनिटं बारीक फवारा ही नेहमीची पद्धत. आजारी असेल तर त्यात ठिबक जोडा. प्लास्टिकच्या पेल्याच्या तळाला सुईने भोक पाडा, पेला छतावर ठेवा, सेकंदाला एखादा थेंब रुंद पानावर पडू द्या, खाली भांडं. तासभर चालू ठेवा आणि समोरून हटा. कित्येकदा दहा मिनिटं नुसतं बघत बसून मग तो चाटायला लागतो, आणि लागला की थांबत नाही. धुक्याचं यंत्र मात्र फक्त रात्री, खोली 20 अंशांखाली गेल्यावर. उबदार, दमट आणि कोंदट हवेत फुप्फुसाचा संसर्ग पकडतो. टबात बुडवून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. हा झाडावरचा प्राणी आहे, पाण्यात तो घाबरतो.

दोन-तीन दिवस ऊब आणि पाणी नीट झालं की अन्न दाखवायचं. त्याच्या डोळ्यांच्या पातळीला पारदर्शक नसलेला एक कप बांधा, आत एकच किडा, आणि तुम्ही खोलीबाहेर. जीभ कशी चालते ते या वेळी लक्ष देऊन बघा. ती शरीराच्या दीड-दोन पट लांब जाते. फेकली जाते ती आत ताणून ठेवलेल्या लवचीक तंतूंच्या जोरावर, म्हणून गारठ्यातही सुटते. परत ओढायचं काम मात्र स्नायूंचं. नेम धरून तोंड उघडतो आणि जीभ दोन बोटंच बाहेर येते, किंवा बाहेर आलेली लोंबत राहते, तर कॅल्शियमची कमतरता किंवा जिभेला इजा असू शकते. नेम बरोबर बसतो, किडा मात्र चिकटत नाही आणि पापण्या सुजलेल्या आहेत, तर अ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. ते जीवनसत्त्व स्वतःच्या मनाने देऊ नका, जास्त झालं तर विषच. न खाल्लेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात ठेवू नका, झोपलेल्या प्राण्याला ते कुरतडतात.

बरा असताना किड्यांवर ड३ नसलेलं साधं कॅल्शियम दर वेळी, पिठाचा हात लागल्याइतकंच. ड३ आणि जीवनसत्त्वांची पूड महिन्यातून दोनदा. किड्यांनाही आदल्या दिवशी हिरव्या पालेभाज्या आणि गाजर खाऊ घाला. उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल.

मादी असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी अंड्यांचा विचार करा. व्हेल्ड मादी नर कधी पाहिला नसला तरी अंडी धरते, सहाव्या महिन्यापासूनच. अंडी घालायच्या आधी काही दिवस ती खाणं सोडते, अस्वस्थ होते, एरवी कधी न उतरणारी पिंजऱ्याच्या तळाशी फिरते, कोपरे उकरते. तिला निदान 30 सेंटिमीटर लांब, रुंद आणि तेवढीच खोल वाळूची पेटी हवी. धुतलेली बारीक वाळू, इतकीच ओली की बोटाने पाडलेलं भोक ढासळत नाही आणि तळाशी पाणी साचत नाही. ती बोगदा खणते, आत वळून बसते, अंडी घालते, आणि सगळं पुन्हा बुजवून मातीने माखलेली वर येते. या सगळ्यात माणूस दिसला तर काम अर्धवट सोडते, आणि अंडी आत अडकली तर मरते. म्हणून पिंजऱ्याचा खालचा अर्धा भाग कापडाने झाका आणि डोकावू नका, अगदी मोबाइलने फोटो काढायलाही नाही. वर आली की भरपूर पाणी आणि पुढचे काही दिवस कॅल्शियम लावलेलं चांगलं खाणं. मात्र खणून थकली, अंडी नाहीत, आणि तळाशी डोळे मिटून बसली, तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्यावर टाकायचं नाही.

तसंच त्याच दिवशी जायची बाकी लक्षणं: मान वर करून तोंड उघडं ठेवून श्वास, श्वासाबरोबर चटचट आवाज किंवा बुडबुडे, जबड्याच्या कडेला सूज किंवा पिवळा पू, वाकलेले पाय, थरथर, फांदीची पकड सुटणं. परदेशात कोपऱ्यावरचा प्रत्येक प्राणिवैद्य सरपटणारे प्राणी तपासत नाही, आणि तपासणाऱ्याची वेळ मिळायला कधी कधी दिवस लागतात. म्हणून नंबर प्राणी ठणठणीत असतानाच शोधून ठेवा. जाताना ताजी विष्ठा छोट्या डबीत, फ्रिजमध्ये ठेवलेली, चोवीस तासांच्या आतली. तिच्यातून जंत आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) कळतात. पिंजऱ्याचे फोटो, ट्यूबचं नाव आणि तारीख, पुडीचा डबा, वजनाची वही बरोबर न्या. एक्स-रेमध्ये हाडं, अंडी, अडकलेलं अन्न दिसतं, आणि रक्तातून कॅल्शियम व युरिक आम्ल. नेताना अंधाऱ्या खोक्यात आडवी काठी, तळाला कागदी रुमाल, आत 22 ते 25 अंश. गरम पाण्याची बाटली थेट अंगाला लागू देऊ नका.

डॉक्टरने भरवायला सांगितलंच, तर हात कसा धरायचा ते त्यांच्याकडूनच शिका आणि मिलिलिटर त्यांनी वजनावरून ठरवलेलेच द्या. मांसाहारी प्राण्यांसाठीची पुनर्पोषणाची पूड पातळ कालवून, सिरिंजने ओठाच्या कडेला एकेक थेंब. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, मधोमध पिचकारी मारली तर अन्न फुप्फुसात जातं. जबडा ओढून उघडू नका, मऊ पडलेलं हाड तिथल्या तिथे मोडतं. चिडून फूत्कारताना तो स्वतःच तोंड उघडतो, तो थेंब टाकायचा क्षण. दूध, अंडं, माणसाचं टॉनिक यातलं काहीही नाही. आणि दर वेळी हात साबणाने धुवा, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. घरात लहान मूल असेल तर हे कटाक्षाने.

पुन्हा खायला लागला की पहिल्या दिवशी एकच मऊ अळी, रेशमाची चालेल. दुसऱ्या दिवशी विष्ठेची वाट पाहा. ती आली, युरेट पांढरा दिसला, की दोन. कडक कवचाचे रातकिडे आणि झुरळं आठवड्यानंतर. भुकेला दिसतो म्हणून ताट भरू नका, पोट अजून सावरतंय. वजन दर दोन दिवसांनी लिहीत राहा, आणि ते सलग तीन आठवडे स्थिर किंवा चढतं दिसलं की पुन्हा आठवड्यातून एकदा मोजायला हरकत नाही.